बियाण्याची पावती मिळते, वकिलाची का नाही?



बियाण्याची पिशवी घेताना पक्की पावती मागा, रिकामी पिशवी आणि तिच्यावरची चिठ्ठी जपून ठेवा, हे आता आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. हे शहाणपण फुकट आलेले नाही. न उगवलेल्या बियाण्यापायी कित्येकांचे हंगाम मातीत गेले, तेव्हा ते आले. पुढे त्याला कायद्याचीही जोड मिळाली. बियाणे कंपन्या कोर्टात सांगायच्या की शेतकरी हा ग्राहकच नव्हे. तो बियाणे पेरून धंदा करतो, त्याने लवादाकडे जावे, बियाणे कायद्याखाली तक्रार करावी, ग्राहक मंचात त्याचे काय काम? नॅशनल सीड्स कॉर्पोरेशन विरुद्ध मधुसूदन रेड्डी या आंध्र प्रदेशातील खटल्यात १६ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा कायमचा निकालात काढला. शेतकरी ग्राहक आहे. आणि जे बियाणे पेरून टाकले त्याचा नमुना शेतकऱ्याने कुठून आणायचा? तपासणी हवीच होती तर कंपनीने आपल्याकडचे बियाणे तपासायला द्यायचे होते, असेही न्यायालयाने सुनावले.

आता दुसरा प्रश्न. हाच शेतकरी धुऱ्याचा तंटा घेऊन, वाटणीचा दावा घेऊन, धरणात गेलेल्या जमिनीच्या वाढीव मोबदल्यासाठी वकिलाकडे गेला. मागितली तेवढी फी दिली. वकील पेशीला उभाच राहिला नाही आणि दावा बुडाला. तर हा शेतकरी त्या वकिलाचा ग्राहक आहे की नाही?

१४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याचे उत्तर दिले आहे. नाही.

प्रकरण दिल्लीचे होते. न वटलेल्या २० हजारांच्या चेकसाठी एका माणसाने वकील लावला. समोरच्याने पैसे द्यायचे कबूल केले, आणि त्या पैशांवरून व फीवरून पक्षकार आणि वकील यांच्यातच भांडण लागले. पक्षकार ग्राहक मंचात गेला. २००७ मध्ये राष्ट्रीय आयोगाने म्हटले की वकिलाची सेवाही ग्राहक कायद्याखाली येते. वकिलांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि सतरा वर्षांनी तो निर्णय फिरला. न्यायालयाचे म्हणणे असे की वकिली हा व्यापार नाही, ती इतर पेशांपेक्षा वेगळी आहे, आणि वकील पक्षकाराच्या सांगण्यानुसार, त्याच्या ताब्यात राहून काम करतो. म्हणून ही ‘व्यक्तिगत सेवा’ झाली आणि ग्राहक कायद्याच्या बाहेर गेली. निष्काळजीपणाबद्दल दिवाणी कोर्टात दावा लावायला मात्र पक्षकार मोकळा आहे.

डॉक्टर १९९५ पासून या कायद्याखाली आहेत. बियाणेवाला आहे, विमा कंपनी आहे, बँक आहे. वकील तेवढा बाहेर.

न्यायालयाचा मान राखून एक विचारतो. वकील पक्षकाराच्या ताब्यात असतो, हे तालुक्याच्या कोर्टात कुणी पाहिले आहे काय? तिथे कोण कुणाच्या ताब्यात असते, हे ज्याने एसटीने उतरून दुपारी तीनपर्यंत पिंपळाखाली वाट पाहिली आणि शेवटी मुन्शीकडून ‘पुढली तारीख पडली’ एवढेच ऐकून परतीची गाडी धरली, त्याला विचारावे.

माझ्या घरचीच गोष्ट सांगतो. वडिलांचा धुऱ्याचा दावा होता. शेजाऱ्याने चार तास सरकवून घेतले होते, मोजणीत ते निघालेही होते. दावा लावला, वकील केला, दर पेशीला पैसे दिले. कधी फी म्हणून, कधी टायपिंगचे, कधी नुसतेच ‘साहेबांसाठी’. कागद एकाचाही नाही. मग बरेच दिवस तारीख कळेना. वडील विचारायला जात, मुन्शी सांगे की साहेब बघतात, तुम्ही शेतीचे बघा. चौदा महिन्यांनी कोर्टातल्या एका ओळखीच्या माणसाने रजिस्टर काढून पाहिले, तर दावा केव्हाच खारीज झालेला. वादी आणि वकील दोघेही गैरहजर, एवढाच शेरा. असा दावा पुन्हा उभा करायचा तर ३० दिवसांत अर्ज द्यावा लागतो. आमचे वर्ष उलटून गेले होते. विलंब माफ करण्याचा अर्ज करायला दुसरा वकील करावा लागला असता, आणि त्याला द्यायला घरात काही उरले नव्हते. वडील म्हणाले, आपलीच चूक, आपणच रोज जायला पाहिजे होते. ती जमीन अजून शेजाऱ्याच्या वहिताखाली आहे.

वकिलाच्या चुकीची शिक्षा निरपराध पक्षकाराला होऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्येच रफिक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात म्हटले होते. तिथेही खेड्यातलाच माणूस होता. पण हे वडिलांना सांगणार कोण? सांगायचे ते वकिलाने, आणि चूक वकिलाचीच.

हे लिहिताना एक स्पष्ट करतो, म्हणजे गैरसमज नको. मला वकिलांचा राग नाही. आंदोलनात पकडल्या गेलेल्या आपल्या कितीतरी कार्यकर्त्यांचे जामीन वकिलांनी एक पैसा न घेता केले आहेत, रात्री-बेरात्री ठाण्यात आले आहेत. प्रामाणिक वकील जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. पण चांगला अडत्या असतो म्हणून आपण हिशोबपट्टी मागायचे सोडले काय? काटा तपासायचे सोडले काय?

कापूसवाल्यांना एकाधिकार खरेदी आठवत असेल. १९७२ पासून सरकारच्या केंद्राशिवाय दुसरीकडे कापूस विकणे हा गुन्हा होता. सीमेवर नाकी होती, आपलाच माल आपण चोरासारखा न्यायचा. २००२ मध्ये खासगी खरेदीला मुभा मिळाली. वकिलीचा कायदाही एकाधिकाराचाच आहे. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टप्रमाणे बार कौन्सिलमध्ये नोंद असलेल्यालाच वकिली करता येते. (स्वतःचे काम स्वतः चालवण्याची मुभा पक्षकाराला आहे, आणि एखाद्या प्रकरणात नोंद नसलेल्या माणसालाही बोलू देण्याचा अधिकार ३२ व्या कलमाने कोर्टाला आहे. पण ते मागते कोण?) या एकाधिकाराला माझा सरसकट विरोध नाही. कायदा न शिकलेला माणूस गरिबाची जमीन घालवून बसला तर ते वाईटच. पण एकाधिकार घेतला की जबाबदारीही घ्यावी लागते. इथे एकाधिकार कायम आणि हिशोब विचारणारा कोणी नाही, अशी गत आहे.

तक्रार करायची सोय आहे, नाही असे नाही. बार कौन्सिलच्या शिस्तपालन समितीकडे जाता येते. त्या समितीत तीन माणसे, तिन्ही वकील. वर्षात निकाल लावावा, नाहीतर प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते. म्हणजे यवतमाळच्या किंवा बीडच्या माणसाने दिल्लीपर्यंत पाठपुरावा करायचा. आणि जिंकला तरी काय? वकिलाला ताकीद मिळेल, काही काळ सनद जाईल, फार तर कायमची जाईल. ज्याची जमीन गेली त्याच्या हातात त्या समितीकडून छदामही येत नाही. नुकसानभरपाईची तरतूदच त्या कलमात नाही.

दराचेही तेच. वकिलांना जाहिरातीला बंदी आहे. २००८ पासून स्वतःच्या संकेतस्थळावर नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि कामाचे क्षेत्र एवढे लिहिता येते. दर नाही. जाहिरातीने पेशाची प्रतिष्ठा जाते म्हणे. खताच्या दुकानात दरफलक लावला नाही तर दुकानदारावर कारवाई होते, इथे दर सांगितला तर अप्रतिष्ठा. त्यामुळे एकाच कोर्टात, एकाच प्रकारच्या दाव्याला कोण किती घेतो हे पक्षकाराला कधी कळत नाही. तोंड बघून आकडा सांगितला जातो. पांढरे धोतर असेल तर वेगळा आणि फाटका सदरा असेल तर, फार वेळा, त्याहूनही जास्त, कारण फाटक्या सदऱ्याला घासाघीस करता येत नाही.

आणि टक्केवारी. निकालावर अवलंबून फी ठरवणे, मिळणाऱ्या रकमेत वाटा घेणे, हे बार कौन्सिलच्या नियमांत निषिद्ध आहे. तेलंगणातील एका विधवेच्या प्रकरणात ५ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावले की नुकसानभरपाईच्या टक्क्यांत फी मागणे बेकायदा आहे. तिचा नवरा अपघातात गेला होता, भरपाई मिळाली, वकिलाने १० लाख घेतले आणि वर ३ लाखांचा चेक लिहून घेतला. धरणाखाली, रस्त्याखाली जमिनी गेलेल्या आपल्या गावांत अशा टक्क्यांची चर्चा ऐकली नाही असा माणूस मला भेटायचा आहे. अमेरिकेत टक्केवारीची फी उघडपणे चालते. तिथे गरिबाला खिशात पैसा नसताना दावा लावता येतो, हा तिचा फायदाही आहे. त्यावर वाद घालता येईल. पण आपल्याकडे टक्का कागदावर बंद आणि अंधारात चालू. त्यामुळे ना गरिबाला उघड सौदा करता येतो, ना फसला तर दाद मागता येते.

आता कुणी म्हणेल, अहो, सुधारणा चालू आहेत, वकिलीचे क्षेत्र किती वाढले बघा. वाढले आहे, खरे आहे. मुंबई-दिल्लीत शेकडो वकिलांच्या कंपन्या झाल्या. अमेरिका-इंग्लंडच्या वकिलांचे कागद तपासून देण्याचे काम इथली पोरे संगणकावर करतात. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर येथे राष्ट्रीय विधी विद्यापीठे निघाली. परदेशी कंपन्यांसाठी दार उघडले. या दाराची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. नव्वदीच्या दशकात रिझर्व्ह बँकेने काही परदेशी वकिली कंपन्यांना इथे संपर्क कार्यालये काढू दिली. १९९५ मध्ये लॉयर्स कलेक्टिव्ह या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात त्याला आव्हान दिले. निकाल लागला डिसेंबर २००९ मध्ये. वकिलांच्याच खटल्याला १४ वर्षे! मग आमच्या धुऱ्याचे काय घेऊन बसलात. उच्च न्यायालयाने म्हटले की नोंदणीशिवाय नुसता सल्ला देणेही वकिलीच आहे. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच उचलून धरले, फक्त येऊन सल्ला देऊन परत जाण्याची अधूनमधूनची मुभा ठेवली. आणि २०२३ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने स्वतःच नियम करून परदेशी वकिलांना नोंदणी खुली केली. २०२५ मध्ये त्यात दुरुस्त्या केल्या. त्यांनी कोर्टात उभे राहायचे नाही. परदेशी कायद्याचा सल्ला आणि आंतरराष्ट्रीय लवादाची कामे करायची.

मी याच्या विरोधात नाही. आपण मालाला खुला बाजार मागतो, तर वकिलांच्या बाजारात चढाओढ येते म्हणून बोंब मारणे आपल्याला शोभणार नाही. उलट मी म्हणतो, आणखी उघडा. पण कोणते दार उघडले ते बघा. इंग्लंडने २००७ मध्ये आपला कायदा बदलला तेव्हा वकिली कंपन्यांत बाहेरचे भांडवल येऊ दिले, आणि त्याच कायद्याने वकिलांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला स्वतंत्र लोकपाल नेमला. २०१० पासून तो काम करतो. तो वकिलांच्या संघटनेचा नाही आणि पक्षकाराला नुकसानभरपाई द्यायला लावू शकतो. २०१८ पासून तिथल्या सॉलिसिटरांना घरखरेदी, वारसा, कर्जवसुली अशा ठरावीक कामांचे दर जाहीर करावे लागतात. म्हणजे लंडनच्या वकिलाला यायला आपण वाट केली, पण लंडनमध्ये त्याच्यावर जो लगाम आहे तो तिकडेच राहिला. दर जाहीर केल्याने इंग्लंडच्या वकिलांची प्रतिष्ठा बुडाल्याचे काही ऐकिवात नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये दुरुस्ती करणारे मसुदा विधेयक काढले होते. त्यात वकिलांच्या बहिष्कारावर बंदी होती आणि बार कौन्सिल ऑफ इंडियावर सरकारी नेमणुकीची माणसे होती. वकील रस्त्यावर आले आणि आठ-दहा दिवसांत मसुदा मागे घेतला गेला. सरकारी नेमणुकीच्या बाबतीत मी वकिलांच्याच बाजूचा आहे. सरकार हाच देशातला सर्वात मोठा पक्षकार. त्याने वकिलांच्या संस्थेत आपली माणसे बसवली तर सरकारविरुद्ध उभा राहणारा वकील मिळायचा नाही. बहिष्काराचे मात्र वेगळे. वकिलांना संपाचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले आहे, आणि तरी कोर्टातून ‘आज काम बंद’ ऐकून दिवसाची मजुरी बुडवून परत येणारे आपलेच लोक असतात. वाईट याचे वाटते की या सगळ्या गदारोळात सरकार बोलले, वकील बोलले, पक्षकाराला कुणी विचारलेच नाही. शिस्तपालन समितीत सरकारचा माणूस नको, पक्षकारांचा हवा.

एक चांगली गोष्ट झाली ती सांगायला हवी. सनद घेताना राज्यांच्या बार कौन्सिल वाटेल तेवढी रक्कम घेत. ओडिशात ती ४२ हजारांच्या घरात होती. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कायद्यात आहे तेवढेच घ्या : सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराकडून १२५ रुपये. ज्वारीवर पोट भरणाऱ्या घरातली पोरगी वकील होणार असेल तर तिच्यासाठी हा मोठाच फरक आहे.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. पण जे आज हातात आहे तेही आपण वापरत नाही, याला काय म्हणावे? बार कौन्सिलच्याच नियमात आहे की वकिलाने पक्षकाराच्या पैशांचा हिशोब ठेवायचा आणि पक्षकाराने मागितली तर त्या हिशोबाची नक्कल द्यायची. नकलेचा खर्च तेवढा आपण सोसायचा. आतापर्यंत आपल्यापैकी किती जणांनी मागितली? दुसरे, फी बाकी आहे म्हणून वकिलाला आपली फाईल अडकवून ठेवता येत नाही. २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते गैरवर्तन ठरवले आहे. वकील बदलायचा असेल तर कागद मागा, बेधडक मागा. तिसरे, बियाण्याची तक्रार घेऊन जिल्हा ग्राहक आयोगात जायला वकील लागतच नाही; स्वतः बोलता येते, आणि मालाची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फीही नाही.

चौथे सगळ्यात मोठे, आणि त्याची सगळ्यात कमी माहिती आहे. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. त्याच्या १२ व्या कलमात मोफत वकील कुणाला मिळावा याची यादी आहे. अनुसूचित जाती-जमाती आहेत, अपंग आहेत, कमी उत्पन्नाचे लोक आहेत. सर्व स्त्रिया आहेत, उत्पन्नाची अट नाही. आणि त्याच यादीत पूर, भूकंप यांच्या जोडीला ‘दुष्काळ’ हा शब्द आहे. दुष्काळाने हलाखीत आलेल्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे, हे कोरडवाहू मुलखात किती गावांनी ऐकले आहे? ज्या घरातला कर्ता कर्जापायी गेला, त्या घरातली विधवा वारसनोंदीसाठी, दिराने बळकावलेल्या जमिनीसाठी वणवण फिरते, दागिना मोडून वकील करते. तिला वकील फुकट मिळायला हवा, आणि तो मागायचा तालुका विधी सेवा समितीकडे, म्हणजे त्याच तालुक्याच्या कोर्टाच्या इमारतीत. उत्पन्नाची अट जिथे आहे तिथेही स्वतःचे शपथपत्र पुरेसे मानता येते. दूरध्वनी १५१०० हा आहे. फुकटचा वकील कसा असतो, असे लोक विचारतात. कधी चांगला असतो, कधी टाळाटाळ करणारा. पैसे देऊन केलेल्याचेही तेच आहे, ते वर सांगितलेच. टाळाटाळ करणारा असेल तर त्याच समितीत दुसरा मागावा.

जाता जाता लोकअदालतीबद्दल. बँकांच्या नोटिसा त्यासाठी घरोघर येतात. तिथे जाण्यात भिण्यासारखे काही नाही आणि तडजोड झाली तर दाव्याची कोर्ट फी परत मिळते. पण तिथला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतका पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. तडजोड आपल्या राजीखुशीनेच होते, म्हणून आकडा, व्याज आणि हप्त्याची तारीख वाचल्याशिवाय, किंवा वाचून घेतल्याशिवाय, अंगठा देऊ नका.

जिल्हा बैठकीत यावर मी ठराव मांडणार आहे. वकिलाने काम घेताना फी आणि खर्च लेखी द्यावा व प्रत्येक रकमेची पावती द्यावी. शिस्तपालन समितीत वकील नसलेली माणसे असावीत आणि तिला भरपाई देण्याचा अधिकार असावा. वकिलाची सेवा ग्राहक कायद्यात आणणारी स्पष्ट दुरुस्ती संसदेने करावी. आणि दुष्काळ जाहीर झाला की त्या तालुक्यात मोफत वकिलाच्या हक्काची नोटीस तलाठी कार्यालयाबाहेर लागावी. ठरावावर बोलायला वकील मित्रांनाही बोलावले आहे, त्यांनी विरोधात बोलावे, आपण ऐकू. येताना आपापल्या चालू दाव्याचा नंबर, पुढची तारीख आणि आजवर दिलेल्या पैशांचा आठवेल तसा हिशोब एका कागदावर लिहून आणा. ज्यांना दाव्याचा नंबरच माहीत नाही, त्यांनी नुसते नाव आणि वकिलाचे गाव सांगावे. कोर्टातले रजिस्टर पाहून यायला दोन कार्यकर्ते तयार आहेत.